हार्ट ब्लॉक इसीजीवर कसा ओळखायचा आणि ओळखल्यावर काय करायचं

‘हृदयात ब्लॉक आहे’ असं सांगितलं की नातेवाईक लगेच अँजिओग्राफीचं विचारतात. हा तो ब्लॉक नव्हे. रक्तवाहिन्या अगदी मोकळ्या असल्या तरी हृदयातली वीज वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत उतरताना अडखळू शकते, किंवा तिची वाट साफ बंद होऊ शकते. इथे त्याच ब्लॉकबद्दल लिहिलं आहे, आणि ज्यांच्या हातात इसीजीची पट्टी पहिल्यांदा पडते त्यांच्यासाठी: ड्यूटीवरचे डॉक्टर, रेसिडेंट, आयसीयूतल्या परिचारिका, इसीजी टेक्निशियन.

फर्स्ट डिग्री, सेकंड डिग्री, थर्ड डिग्री ही नावं सगळ्यांना पाठ असतात. पण रुग्णाचं पुढे काय होणार हे ठरतं ते वीज कुठे अडली आहे यावर. एव्ही नोडमध्ये (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या फाटकात) अडली असेल तर बहुतेक वेळा हाताशी वेळ असतो. नोडच्या खाली, हिस बंडल किंवा त्याच्या शाखांमध्ये अडली असेल, तर पुढचा ठोका येईलच असं धरून चालता येत नाही. म्हणून पट्टी वाचताना नाव शोधण्याआधी जागा शोधायची.

वाट कशी आहे

वीज उजव्या कर्णिकेतल्या सायनस नोडमधून निघते, दोन्ही कर्णिकांत पसरते (ही पी वेव्ह), एव्ही नोडमध्ये थोडी रेंगाळते, मग हिस बंडलमधून उजव्या आणि डाव्या बंडलमध्ये उतरते. डाव्या बंडलचे पुढे दोन मुख्य फाटे होतात, पुढचा आणि मागचा. शेवटी जवनिका आकुंचन पावतात (हा क्यूआरएस).

नोड आणि नोडखालची वाट यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. नोड हळूहळू थकतो: पहिला संदेश थोड्या उशिराने सोडतो, दुसरा जास्त उशिराने, मग एखादा अडवतो. हृदय मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा त्याच्यावर मोठा ताबा असतो, म्हणून तो व्हेगसला रोखणाऱ्या अ‍ॅट्रोपिनला दाद देतो. तो बंद पडला तर त्याच्या लगतचा भाग मिनिटाला ४० ते ६० ठोके देत काम सांभाळतो, आणि ते ठोके अरुंद असतात, कारण खालची वाट शाबूत असते. हिस बंडल आणि त्याखालच्या शाखांना असं थकत थकत थांबणं माहीत नाही. तिथे संदेश एक तर पूर्ण जातो, नाही तर जातच नाही, आणि आधी इशाराही मिळत नाही. त्या बंद पडल्यावर जवनिकेतून जे ठोके निघतात ते रुंद, मिनिटाला २० ते ४० आणि बेभरवशाचे.

पट्टी घेताना

बारा लीडचा इसीजी हवाच. पण ब्लॉकसाठी त्याहून महत्त्वाची असते लांब रिदम स्ट्रिप, लीड टू किंवा व्ही वनमध्ये, निदान ३० सेकंदांची. दहा सेकंदांत पाच-सहाच ठोके येतात आणि त्यात पॅटर्न दिसत नाही. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आणि उंची १ मिलिव्होल्टला १० मिलिमीटर आहे ना, हे आधी पाहा. या वेगाला छोटा चौकोन ४० मिलिसेकंदांचा, मोठा २०० चा.

मशीनने वर छापलेलं निदान वाचू नका असं कोणी म्हणणार नाही, पण हृदयाची गती मंद असताना त्यावर विसंबू नका. टी वेव्हमध्ये (क्यूआरएसनंतर जवनिका पूर्ववत होतानाच्या लाटेत) लपलेली पी मशीनला बऱ्याचदा सापडत नाही, आणि टू-टू-वन ब्लॉकवर (दोन पींपैकी एकच उतरते तो) ते बिनदिक्कत ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’, म्हणजे नुसती मंद गती, असं छापून मोकळं होतं.

पी नीट दिसतच नसेल तर लुईस लीड लावून पाहा. उजव्या हाताचा इलेक्ट्रोड उरोस्थीच्या उजव्या कडेला दुसऱ्या बरगड्यांच्या फटीत आणि डाव्या हाताचा त्याच कडेला चौथ्या फटीत ठेवायचा, आणि लीड वन वाचायची. कर्णिकांची हालचाल तिथे उठून दिसते.

आधी पी, मग बाकी सगळं

सवयीने नजर क्यूआरएसकडे जाते. ब्लॉकमध्ये ती आवरायची. एकापाठोपाठ एक स्पष्ट दिसणाऱ्या दोन पी शोधा. कंपासपेटीतलं कर्कटक उत्तम, नसेल तर कोऱ्या कागदाची कड घ्या आणि त्या दोन पींच्या जागी पेन्सिलने खुणा करा. मग तो कागद पट्टीवरून पुढे सरकवत न्या. जिथे खूण पडते तिथे पी आहे का? उघड्यावर नसेल तर टीच्या चढणीवर खाच दिसते का, एखादी टी बाकीच्यांपेक्षा टोकदार किंवा फुगलेली आहे का, क्यूआरएसच्या शेपटीला उगाच गाठ आली आहे का, हे पाहा. सगळ्या पी सापडल्या की त्यांच्या डोक्यावर टिंबं द्या. मग क्यूआरएसचं असंच करा. मग प्रत्येक क्यूआरएसच्या आधीचा पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर) मोजून खाली आकडा लिहा. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं, आणि आकडे लिहिल्याशिवाय निदान करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. नजरेच्या अंदाजात वेंकेबाख आणि कम्प्लीट ब्लॉक एकमेकांसारखे दिसतात. ते कसं, हे पुढे आकड्यांतच दाखवलं आहे.

फर्स्ट डिग्री

पीआर २०० मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे एका मोठ्या चौकोनापेक्षा जास्त, पण प्रत्येक पीनंतर क्यूआरएस येतो. खरं तर हा ब्लॉक नाहीच, नुसता उशीर आहे. बहुतेकांना उपचार लागत नाहीत. बीटा ब्लॉकर, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिजॉक्सिन चालू आहे का ते पाहा.

तीन ठिकाणी मात्र थांबायचं. महाधमनीच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णात पीआर रोज थोडा वाढताना दिसला, तर झडपेच्या मुळाशी पू साचत असल्याचा तो इशारा असतो. तिथे रोज इसीजी हवा आणि सर्जनला लवकर कळवायला हवं. दुसरं, पीआर ३०० च्या पुढे गेला की पी आधीच्या टीच्या जवळ पडते, कर्णिका बंद झडपांवर आकुंचन पावतात, आणि रुग्ण चालताना दमतो. तिसरं, लांब पीआरसोबत रुंद क्यूआरएस असेल तर उशीर नोडखाली होत असण्याची शक्यता उरते.

वेंकेबाख, म्हणजे मोबिट्झ वन (सेकंड डिग्रीचा पहिला प्रकार)

पीआर वाढत जातो आणि एक ठोका गळतो. इतकं सगळ्यांना माहीत असतं. खात्री करायची ती आकड्यांनी. समजा पी दर ८०० मिलिसेकंदांनी येते आहे, आणि पीआर आहेत २००, २८०, ३२०, मग एक पी कोरी. पीआरची वाढ पहिल्यांदा ८० ची, दुसऱ्यांदा ४० ची. म्हणजे वाढ होते, पण वाढीचा वेग घटतो. त्यामुळे दोन क्यूआरएसमधलं अंतर आधी ८८०, मग ८४०, असं कमी होत जातं. ठोका गळल्यानंतरचा खंड १,४८० चा, म्हणजे दोन पींच्या अंतराच्या दुपटीपेक्षा (१,६००) कमी, कारण खंडानंतरचा पीआर पुन्हा २०० वर आलेला असतो.

प्रत्यक्षात वेंकेबाख इतका शिस्तीत वागेलच असं नाही. सात पींमागे एक गळत असेल तर मधले तीन-चार पीआर जवळजवळ सारखे दिसतात आणि घाईत ‘मोबिट्झ टू’ लिहिलं जातं. यावर एकच तोडगा पुरतो: गळलेल्या ठोक्याच्या लगेच आधीचा पीआर आणि लगेच नंतरचा पीआर, या दोघांचीच तुलना करा. नंतरचा आखूड असेल तर वेंकेबाख.

अरुंद क्यूआरएससह वेंकेबाख बहुतेक वेळा नोडमधला असतो. झोपेत, खेळाडूंमध्ये, उलट्या होत असताना तो सहज दिसतो. लक्षणं नसतील तर काही करू नका.

मोबिट्झ टू

सेकंड डिग्रीचा हा दुसरा प्रकार. इथे पीआर ठाम असतो. गळण्याआधी जितका, गळल्यानंतरही तितकाच, आणि पींचं अंतरही समान. मध्येच एका पीनंतर काहीच येत नाही. खंड दोन पींच्या अंतराच्या बरोबर दुप्पट असतो. क्यूआरएस बहुतेकदा रुंद असतो, कारण एक बंडल आधीच गेलेलं असतं आणि दुसरं अधूनमधून दगा देतं. रुग्णाला काहीही त्रास होत नसला तरी हा रुग्ण मॉनिटरवरून काढायचा नाही, साध्या वॉर्डात पाठवायचा नाही आणि घरी तर नाहीच. हा ब्लॉक अचानक पूर्ण होतो.

पण मोबिट्झ टू लिहिण्याआधी दोन तोतये बाजूला काढायचे. पहिला, अडलेला एट्रियल एक्टोपिक. वेळेआधी आलेली पी टीमध्ये पडते, नोड अजून सावरलेला नसतो, म्हणून ती खाली उतरत नाही. अचानक येणाऱ्या खंडांचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. ओळखायचं कसं? खंडाच्या आधीची टी बाकीच्या टींवर ताडून पाहा. आकार वेगळा असेल तर आत पी आहे, आणि कागदाच्या खुणेशी जुळवली तर ती वेळेआधी आलेली दिसेल. खऱ्या मोबिट्झ टूमध्ये गळलेली पी ठरल्या वेळीच येते. दुसरा तोतया व्हेगसचा: उबळ, खोकला, श्वासनलिकेतलं सक्शन यांच्या वेळी ठोका गळतो, पण त्याच सुमारास पींचं अंतरही वाढलेलं असतं. सायनस नोड आणि एव्ही नोड एकदमच मंदावत असतील तर दोष नोडखाली नाही. या दोन तोतयांमुळे विनाकारण पेसमेकर बसू शकतो, म्हणून इथे घाई नको.

टू-टू-वन: इथे नाव देऊ नका

एक पी उतरते, एक अडते. पीआर वाढतो की ठाम राहतो हे कळायला सलग दोन उतरलेल्या पी लागतात, आणि इथे त्या नसतात. म्हणून याला मोबिट्झ वन किंवा टू म्हणणं चूक आहे. ‘टू-टू-वन ब्लॉक’ एवढंच लिहा आणि जागेचा माग काढा. क्यूआरएस अरुंद आणि उतरलेल्या पीचा पीआर लांब, तर बहुधा नोड. क्यूआरएस रुंद आणि पीआर नेहमीसारखा, तर बहुधा नोडखाली. लांब पट्टी काढत राहा: मध्येच थ्री-टू-टू झालं की उत्तर आपोआप मिळतं. चालवल्यावर ब्लॉक सुधारला तर नोड. चालवल्यावर बिघडला तर नोडखाली.

हा ब्लॉक सगळ्यांत जास्त निसटतो. नाडी ४०, प्रत्येक क्यूआरएसआधी पी, आणि सही होते ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’ वर. नाडी ४० किंवा कमी असली की दोन पींच्या बरोबर मधोमध बोट ठेवा. क्यूआरएसमधलं अंतर १,५०० असेल तर ७५० वर काय आहे? तिथे टीच्या उतारावर इवलासा उंचवटा असेल तर कर्णिका ८० ने चालू आहेत.

सलग दोन किंवा अधिक पी अडल्या तर तो हाय ग्रेड ब्लॉक. त्याला कम्प्लीटइतकंच गंभीर मानायचं.

कम्प्लीट हार्ट ब्लॉक, म्हणजे थर्ड डिग्री

पी आपल्या तालात, क्यूआरएस आपल्या तालात, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि पींची संख्या जास्त. आता वर म्हटलेली गंमत पाहा. पी दर ७०० मिलिसेकंदांनी येते आहे, क्यूआरएस दर १,६०० नी, म्हणजे बरोबर आठ मोठ्या चौकोनांनी. क्यूआरएसच्या आधीच्या सगळ्यांत जवळच्या पीपासून अंतर मोजलं तर ओळीने येतं २००, ४००, ६००, १००. पहिल्या तीन आकड्यांवर नजर गेली की ‘वेंकेबाख’ तोंडातून निघतं. पण क्यूआरएसमधलं अंतर सगळीकडे १,६०० च आहे. वेंकेबाखमध्ये ते हलायलाच हवं. म्हणून ठोका गळल्यासारखा वाटतो आणि क्यूआरएस घड्याळासारखे नियमित आहेत, अशी जोडी दिसली की कम्प्लीट ब्लॉक समजून पुन्हा मोजा.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (कर्णिका नुसत्या थरथरत असताना) पी नसतातच, मग तिथे काय? तिथे क्यूआरएस अनियमित असणं हाच नियम. फिब्रिलेशनच्या रुग्णाची नाडी अचानक मंद आणि नियमित झाली तर आनंद मानू नका. तो कम्प्लीट ब्लॉक असतो, आणि रुग्ण डिजॉक्सिनवर असेल तर विषबाधा गृहीत धरून पुढे जा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पी आणि क्यूआरएसची फारकत म्हणजे ब्लॉकच असं नाही. जवनिकांचा वेग कर्णिकांपेक्षा जास्त असेल, तर खालचं केंद्र वरच्याला मागे टाकतं आहे, एवढंच.

बंडल ब्रँच ब्लॉकबद्दल थोडक्यात. क्यूआरएस १२० मिलिसेकंदांहून रुंद असेल तर व्ही वन पाहा: तिथे शेवटी वर जाणारी दुसरी आर आणि लीड वन व व्ही सिक्समध्ये रुंद एस असेल तर उजवं बंडल, व्ही वन खोल खाली आणि लीड वन, व्ही सिक्समध्ये रुंद, खाच असलेली आर व क्यू नाही, तर डावं. उजव्या बंडलच्या ब्लॉकसोबत अक्ष (विजेची एकूण दिशा) ठळकपणे डावीकडे गेला असेल तर डाव्याचा पुढचा फाटाही गेला, म्हणजे वाट एकाच धाग्यावर आहे. अशा रुग्णाला शुद्ध हरपून पडण्याचा इतिहास असेल तर तो इतिहास इसीजीइतकाच मोलाचा. आज उजवं आणि उद्या डावं, असं आलटून पालटून दिसलं तर पेसमेकर लागतोच.

रुग्णाकडे

पट्टीवर कितीही भयंकर दिसत असलं तरी आधी रुग्ण. वरचा रक्तदाब ९० च्या खाली आहे का, भान हरपतं आहे का, छातीत दुखतं आहे का, फुप्फुसांत पाणी झालं आहे का, मघाशी बेशुद्ध झाला होता का? यातलं एकही असेल तर रुग्ण अस्थिर आहे. मॉनिटर, शिरेत सुई, ऑक्सिजनचं प्रमाण कमी असेल तरच ऑक्सिजन, आणि पेसिंगचे (बाहेरून वीज देऊन ठोके घडवण्याचे) पॅड छातीवर चिकटवून ठेवायचे. पॅड लावणं म्हणजे पेसिंग सुरू करणं नव्हे. मोबिट्झ टू, हाय ग्रेड किंवा रुंद क्यूआरएसचा कम्प्लीट ब्लॉक असलेला रुग्ण हसत बोलत असला तरी पॅड लागलेले हवेत. रक्तात पोटॅशियम, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, ट्रोपोनिन, गरजेप्रमाणे थायरॉइड आणि डिजॉक्सिनची पातळी. गोळ्यांची पिशवी मागवून प्रत्येक पाकीट स्वतः वाचा; डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही बीटा ब्लॉकरच असतात.

अ‍ॅट्रोपिन: शिरेतून १ मिलिग्रॅम, झटकन, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी मात्रा देऊ नये, गती उलट मंदावू शकते. नोडमधल्या ब्लॉकला ते चालतं. नोडखालच्या ब्लॉकला बहुधा चालत नाही, आणि का ते समजून घेतलं तर चूक टळते. अ‍ॅट्रोपिन सायनस नोडचा वेग वाढवतं, जास्त पी खाली येऊ लागतात, पण आजारी हिस बंडलला आधी येत होत्या तेवढ्याही उतरवायला जमत नव्हत्या. कर्णिका ८० च्या १०० होतात, ब्लॉक टू-टू-वनचा थ्री-टू-वन होतो, आणि नाडी ४० वरून ३३ वर येते. म्हणून रुंद क्यूआरएसमध्ये अ‍ॅट्रोपिनचा एक डोस देऊन पाहायला हरकत नाही, पण त्यापायी पेसिंग लांबवायचं नाही. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांत व्हेगसचा धागाच कापलेला असतो, तिथे त्यावर वेळ घालवू नका.

दाद नाही? मग त्वचेवरून पेसिंग, आणि ते तयार होईपर्यंत किंवा सोबतीला औषधाची धार: अ‍ॅड्रिनॅलिन मिनिटाला २ ते १० मायक्रोग्रॅम, किंवा डोपामिन दर किलोला मिनिटाला ५ ते २० मायक्रोग्रॅम. आयसोप्रिनॅलिन (मिनिटाला १ ते २० मायक्रोग्रॅम) हार्ट अटॅकचा संशय असेल तर टाळा. हृदयाची ऑक्सिजनची भूक त्याने वाढते.

त्वचेवरून पेसिंग, पायरी पायरीने

त्वचा कोरडी करा. एक पॅड उरोस्थीच्या खालच्या भागाच्या डावीकडे, दुसरा पाठीवर, डावा खवाटा आणि मणका यांच्यामध्ये. मॉनिटरचे वेगळे तीन इलेक्ट्रोडही त्याच मशीनला जोडा. ते नसतील तर डिमांड मोडमध्ये (रुग्णाचा ठोका आला नाही तरच वीज देण्याच्या पद्धतीत) मशीनला रुग्णाचे स्वतःचे ठोके दिसत नाहीत. रुग्ण शुद्धीत असेल तर वेदनाशामक आधी द्या: फेंटॅनिल २५ ते ५० मायक्रोग्रॅम, लागल्यास मिडाझोलाम १ ते २ मिलिग्रॅम, रक्तदाबाकडे लक्ष ठेवून. गती ६० ते ८०. करंट कमीपासून सुरू करून ५ ते १० मिलिअँपिअरने वाढवत न्या. बहुतेकांना ५० ते १०० च्या दरम्यान कॅप्चर मिळतं, म्हणजे मशीनच्या विजेमागे हृदयाचा ठोका येतो. मिळालं की त्याच्या १० टक्के वर ठेवा. रुग्ण कोसळतच असेल तर उलटं करा: पूर्ण करंटने सुरुवात, कॅप्चर दिसल्यावर खाली.

कॅप्चर मिळालं हे कशावरून? स्क्रीनवर स्पाइकनंतर (मशीनच्या विजेच्या उभ्या रेषेनंतर) काहीतरी वळवळलं, एवढ्यावर समाधान मानलं की घात होतो. छातीचे स्नायू आकसल्याची खूणही क्यूआरएससारखी दिसते. प्रत्येक स्पाइकनंतर रुंद क्यूआरएस आणि त्यामागे ठसठशीत टी, दोन्ही हवेत. टी नसेल तर ते कॅप्चर नाही. मग नाडी: जांघेतली पाहा, मानेवरची नको, कारण मान स्नायूंच्या झटक्यांनीच हलत असते. ऑक्सिमीटरची लाट आणि तिची गती पेसिंगच्या गतीशी जुळली तर उत्तम.

कॅप्चर मिळत नसेल तर पॅड सुटला आहे का, छातीत हवा किंवा हृदयाभोवती पाणी आहे का, पोटॅशियम वाढलं आहे का, आम्लता आहे का, या क्रमाने बघा.

जे करू नये

कम्प्लीट ब्लॉकमधले रुंद, संथ ठोके पाहून व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक (जवनिकेतले अवेळी ठोके) समजून लिग्नोकेन किंवा अ‍ॅमिओडारोन देऊ नका. रुग्ण त्या ठोक्यांवरच जिवंत आहे. ते दाबले की पट्टी सरळ होते.

मंद गतीत क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टीच्या शेवटापर्यंतचं अंतर) लांबतो, आणि त्यातून टोरसाड, म्हणजे जवनिकांची अतिवेगवान, जीवघेणी लय, सुरू होऊ शकतं. कम्प्लीट ब्लॉकच्या रुग्णाला झटका येऊन तो बेशुद्ध झाला तर दर वेळी ठोके थांबलेच होते असं नाही. मॉनिटरची साठवलेली पट्टी काढा. टोरसाड असेल तर मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून आणि पेसिंगची गती ९० च्या वर. इथेही अ‍ॅमिओडारोन घातक, कारण ते क्यूटी आणखी लांबवतं.

कारण सापडलं तर

पोटॅशियम. मूत्रपिंड बिघडलेला, बीटा ब्लॉकर घेणारा रुग्ण चार दिवस उलट्या-जुलाबांनी सुकतो, पोटॅशियम वाढतं, बीटा ब्लॉकर अंगात साठतो, दोघं मिळून हृदय मंदावतात, रक्तदाब पडतो, मूत्रपिंड आणखी बिघडतं. पोटॅशियम फार वाढलेलं नसतानाही हे चक्र फिरू शकतं. पी सपाट, क्यूआरएस रुंद, गती मंद असेल तर रिपोर्टची वाट न पाहता १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० ते ३० मिली, ५ ते १० मिनिटांत, इसीजी पाहत; सुधारणा नसेल तर पुन्हा. मग साधं इन्सुलिन १० युनिट आणि सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज, आणि पुढचे काही तास दर तासाला साखर. हे झाल्याशिवाय पेसिंग नीट पकडतही नाही.

बीटा ब्लॉकर जास्त झाला असेल तर ग्लुकॅगॉन ३ ते १० मिलिग्रॅम हळू शिरेतून (उलटी होते, कुशीवर ठेवा). व्हेरापामिल-डिल्टियाझेमसाठी कॅल्शियम आणि मोठ्या मात्रेत इन्सुलिन, किलोला १ युनिटपासून, ग्लुकोजच्या संरक्षणात. डिजॉक्सिनसाठी त्याची प्रतिपिंडं, म्हणजे डिजॉक्सिन फॅब. कण्हेरीच्या विषबाधेतही घटक त्याच जातीचे असतात. या हृदयाला शिरेतून आत सोडलेली पेसिंगची तार टोचली की व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (जवनिकांची थरथर) सुरू होऊ शकतं, म्हणून तिथे तार शेवटचा पर्याय.

हार्ट अटॅकमध्ये कुठली भिंत गेली यावर सगळं ठरतं. एव्ही नोडला रक्त बहुतेकांत, दहापैकी साधारण नऊ जणांत, उजव्या करोनरीतून मिळतं. खालच्या भिंतीच्या अटॅकमधला ब्लॉक म्हणून नोडमधला असतो, क्यूआरएस अरुंद, अ‍ॅट्रोपिनला दाद देणारा, आणि काही दिवसांत बहुधा जातो. पुढच्या भिंतीच्या अटॅकमधला ब्लॉक म्हणजे दोन जवनिकांमधल्या पडद्याचा मोठा भाग आणि त्यातली बंडलं मेलेली आहेत. तो अचानक येतो, मृत्यूचं प्रमाण मोठं असतं, आणि तार लवकर टाकावी लागते. दोन्हीकडे खरा उपचार बंद वाहिनी उघडण्याचाच.

तार टाकल्यावर

शिरेतून तार टाकायला मानेतली उजवी शीर सोयीची. तारेचं टोक जनरेटरच्या ऋण खाचेत जातं. उलट जोडलं तर थ्रेशोल्ड (कॅप्चरला लागणारा कमीत कमी करंट) वाढतो. तारेच्या टोकाजवळचा बलून फुगवून पुढे, मागे घेताना मात्र दर वेळी रिकामा करून. रुग्णाला आधीपासून डाव्या बंडलचा ब्लॉक असेल तर तार जाताना उजव्या बंडलला धक्का लागून पूर्ण ब्लॉक होऊ शकतो. पॅड लावून मगच सुरुवात करा.

गती ८०, आउटपुट ५ मिलिअँपिअर. कॅप्चर मिळालं की आउटपुट कमी करत जा, कॅप्चर सुटतं तो थ्रेशोल्ड. तो १ पेक्षा कमी असेल तर जागा चांगली. आउटपुट त्याच्या दोन ते तीन पट ठेवा. पेसिंगचा क्यूआरएस डाव्या बंडल ब्लॉकसारखा दिसायला हवा, कारण तार उजव्या जवनिकेत आहे. तो अचानक उजव्या ब्लॉकसारखा झाला, उचक्या लागल्या किंवा रक्तदाब घसरला, तर तार भिंतीतून आरपार गेली असेल, लगेच इको.

कायमचा पेसमेकर कोणाला, याचा निर्णय पुन्हा जागेवरच येतो. दूर करता येण्यासारखं कारण नसेल तर मोबिट्झ टू, हाय ग्रेड आणि कम्प्लीट ब्लॉक यांना लक्षणं असोत-नसोत पेसमेकर. फर्स्ट डिग्री आणि नोडमधला वेंकेबाख यांना लक्षणं त्यामुळेच आहेत हे सिद्ध झालं तरच. अटॅकनंतर थोडे दिवस वाट पाहायची. जवनिकेचं आकुंचन आधीच कमी असेल आणि बहुतेक ठोके पेसमेकरनेच द्यावे लागणार असतील, तर नेहमीच्या एका तारेने ते आणखी घटू शकतं. तिथे दोन्ही जवनिकांचं किंवा थेट हिस-बंडलच्या वाटेचं पेसिंग आधीच ठरवलेलं बरं.

दुसऱ्या रुग्णालयात पाठवायचं असेल तर पॅड लावून, मशीनची जादा बॅटरी सोबत देऊन, आणि पत्रात चार गोष्टी लिहून: पेसिंग थांबवल्यावर स्वतःचे ठोके येतात का, मिनिटाला किती, क्यूआरएस अरुंद की रुंद, आणि शेवटचा थ्रेशोल्ड किती वाजता किती होता. तपासताना गती एकदम बंद करू नका. १०-१० ने खाली आणा, बोट वाढवायच्या बटणावर ठेवून.